पिवळ्या झाकणाचा डबा

रेमेदियोसबाईंनी बशी पुन्हा बाजूला सारली. मघाशी नारळाच्या दुधातला भाताचा केक नाकारला होता, आता केळ्याचे गोड रोल. चमच्याला साधा हातही लावला नाही.

"घ्या ना थोडं," बेलेन म्हणाली.

"नको. खरंच नको." बाईंनी पंखा उघडला आणि वारा घ्यायला लागल्या. "काय उकाडा हो तुमच्या बातांगासमध्ये."

मुलाच्या आईने मुलीच्या घरी यायचं, खायचं-प्यायचं आणि स्वतःच्या तोंडाने मुलगी मागायची, ही रीत. बाई थेट मनिलाहून आल्या होत्या, मुलाला घेऊन, मोत्यांच्या कुड्या घालून. उकाड्यावर बोलल्या. रस्त्यावर बोलल्या. सकाळपासून गेलेल्या विजेवरही बोलल्या. मुलीबद्दल चकार शब्द नाही. आणि ज्या घरातलं खायचं नाही, त्या घरची मुलगी कोण मागणार?

"आता मँगो फ्लोट येईल," बेलेनचा आवाज नको तितका चढला. "आमच्या जोवेलिनने केलंय. एकदम थंडगार."

जोवेलिन दारापाशी उभी होती. तिने मान वर केली नाही. पहाटे उठून तिने साय आणि डब्यातलं गोड दूध घोटलं होतं, बिस्किटांचा थर, सायीचा थर, पिकल्या आंब्याच्या फोडींचा थर, असं रचत नेलं होतं. त्याला चूल लागत नाही, भट्टी लागत नाही. लागतो तो नुसता गारवा, आणि नेमका तोच गल्लीतून गेला होता. कोपऱ्यावरच्या पासिंग मावशीच्या दुकानात जनरेटर होता. तिच्या फ्रीझरमध्ये काचेचं भांडं मावेना, म्हणून सगळे थर पुन्हा एका रिकाम्या आईस्क्रीमच्या डब्यात रचले. पिवळ्या झाकणाच्या. तो आणायला बेलेनचा नवरा दोमिंग गेला होता.

रोडेल खुर्चीच्या टोकावर बसून आईकडे बघत होता. त्याचा बोलघेवडेपणा आज कुठे गेला होता कोण जाणे.

"आई, जोवेलिनच्या हातचं मँगो फ्लोट म्हणजे..."

"ऐकलंय," आई म्हणाली. तिने मांडीवरची पर्स जवळ ओढली.

बेलेनने ती पर्स पाहिली. झालं. निघाल्या.

तेवढ्यात दोमिंग आला. घामाने निथळत, डबा टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलेला. "दगडासारखं गोठलंय!" तो विजयी स्वरात म्हणाला. बेलेनने डबा टेबलाच्या मधोमध ठेवला, चांगल्या बश्या पुढे ओढल्या आणि झाकण उघडलं.

आत तिलापिया मासे होते. डोकं-शेपूट उलटसुलट लावून नीट रचलेले, बर्फाने पांढरे पडलेले. सगळ्यात वरचा थेट रेमेदियोसबाईंकडे बघत होता.

आमच्याकडे आईस्क्रीमच्या डब्यात आईस्क्रीम फार तर पहिल्या दिवशी असतं. पुढे जन्मभर मासे. फ्रीज उघडून फसलं नाही असं पोर या देशात सापडायचं नाही. पण मागणीच्या दिवशी, पाहुण्यांसमोर फसलेलं कोणी ऐकिवात नव्हतं.

"अहो!" बेलेन नवऱ्याकडे वळली.

"तूच म्हणालीस ना, पिवळं झाकण!"

"पासिंग मावशीच्या फ्रीझरमध्ये सगळीच झाकणं पिवळी असतात, बाबा," जोवेलिन म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

रेमेदियोसबाई डब्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पंखा मिटला. बोटातली अंगठी काढली आणि पर्समध्ये टाकली. पर्सची चेन लावल्याचा आवाज साऱ्या घराला ऐकू आला. त्या उठल्या.

"आई, बस ना," रोडेल कसाबसा म्हणाला.

"तू गप्प बस. गाढवा, तुला एवढं सांगता आलं नाही का यांना?"

"काय?"

"मला साखरेचा आजार आहे म्हणून!" बाई उसळल्या. "परक्याच्या घरी पहिल्यांदा यायचं आणि आजाराचं रडगाणं गायचं का मी? मघापासून गोडावर गोड पुढे येतंय. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. मनिलाहून निघाले ते उपाशी."

बेलेनला लाज वाटली, आणि त्याहून जास्त, मोठ्याने रडावंसं वाटलं.

बाईंनी पर्स रोडेलच्या मांडीवर आदळली. रेशमी ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि डबा उचलून स्वतःच मोरीकडे निघाल्या. जोवेलिन दारातून बाजूला झाली.

"कुठे चाललीस? इकडे ये. पाणी घाल यांच्यावर. आणि त्या दुकानवालीला सांगून ये, मासे परत मिळायचे नाहीत." त्यांनी वरच्या तिलापियावरचा बर्फ अंगठ्याने खरवडून त्याचा डोळा पाहिला. "ताजे आहेत. आंबट कालवण करू. वेळ लागू दे, आम्हाला काही घाई नाही."

मग वळून, हात ओले तसेच धरून, त्यांनी विचारलं, "विहीणबाई, चिंच कुठे ठेवता?"

अर्धा जन्म त्याच स्वयंपाकघरात काढलेल्या बेलेनला काही केल्या आठवेना.