हरवलेला रिमोट

"शिडी नीट धर. तेवढं तरी जमेल ना?" दादा वरून म्हणाला.

धाकटीने शिडी धरली. गॅरेजच्या छतावरच्या मोटरचं झाकण दादाने उघडलं होतं. काढलेले स्क्रू तो खाली तिच्या हातावर अशा बेताने टाकत होता की निम्मे जमिनीवर पडावेत आणि तिने ते वाकून वेचावेत. तीन दिवसांपासून तिच्या रिमोटने दार उघडत नव्हतं. आत भिंतीवरचं बटण दाबलं की उघडायचं. बाहेरून रिमोट दाबला की ढिम्म. शेवटी नाक मुठीत धरून तिने दादाला फोन केला, कारण मोटर त्यानेच बसवून घेतली होती आणि तिचं माहितीपुस्तकही त्याच्याकडेच होतं. तो लगेच आला. बहिणीला मूर्ख ठरवायची संधी त्याने आजवर कधी सोडली नव्हती.

"सेल बदललास?"

"दोनदा."

"उलटा घातला असशील."

"नाही घातला."

"मग पर्समध्ये दाबला जात असेल दिवसभर. बायकांच्या पर्समध्ये काय काय कोंबलेलं असतं, देव जाणे."

आई गेल्यापासून दोघांत एवढं बोलणंसुद्धा झालं नव्हतं. आईने घर धाकटीच्या नावावर केलं आणि ते दादाच्या जिव्हारी लागलं. मामांसमोर त्याने घराच्या किल्ल्या टेबलावर आपटल्या. मामांनी गॅरेजच्या दुसऱ्या रिमोटचं विचारलं, तर म्हणाला, "तो कधीच हरवला. आईची शपथ."

त्यानंतर धाकटी बाहेर गेली की घरातली एखादी वस्तू नाहीशी व्हायची. आधी वडिलांची हत्यारांची पेटी गेली. मग पंखा. गेल्या आठवड्यात कापडाच्या कडा शिवायचं तिचं ओव्हरलॉक मशीन. कुलूप कधी तुटलेलं नसायचं. चोर कोण हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण मामा म्हणाले, पुरावा काय? आता गॅरेजच्या कोपऱ्यात शिलाईचं एकच मशीन उरलं होतं. त्यावर तिचं पोट होतं. ते गेलं की हातावर हात धरून बसायची पाळी.

दादाने मोटरवरचं बटण दाबलं. "हं, दाब आता रिमोट."

तिने दाबला. काही झालं नाही. पुन्हा बटण, पुन्हा रिमोट. तरी नाही.

"तुला येतंय ना हे?" धाकटीने विचारलं.

झालं. दादाचं डोकंच फिरलं. "वीस वर्षं कारखान्यात मशिनं हाताळलीत मी. तू मला विचारतेस? सगळं पुसूनच टाकतो आता. दहा सेकंद दाबून धरलं की मेमरी कोरी."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. आजवर जोडलेला एक रिमोट त्यात राहत नाही. मग नव्याने जोडायचं. तुझ्यासारख्यांनी घोळ घातला की हाच उपाय."

त्याने बटण दाबून धरलं. शाळेतल्या मास्तरासारखे मोठ्याने दहा आकडे मोजले. मोटरवरचा दिवा विझला. मग त्याने बटण एकदाच हलकेच दाबलं आणि दिवा लुकलुकू लागला.

"तीस सेकंद मिळतात. तेवढ्यात जोडायचे ते जोडायचे. दाब लवकर."

तिने रिमोट दाबला. मोटर घरघरली आणि दार वर सरकलं.

"याला डोकं लागतं," दादा म्हणाला.

दिवा अजून लुकलुकत होता. धाकटीने दिव्याकडे पाहिलं, मग दादाकडे. तिने आवाज शांत ठेवला.

"दादा, आणखी एखादा रिमोट असेल तर आत्ताच काढ. नंतर चालायचा नाही."

दादाचा हात पँटच्या खिशाकडे गेला आणि खिशावरच थांबला. त्याचा चेहरा उतरला. धाकटी शिडी धरून उभी होती. तिने नजर हलवली नाही. दिवा विझला.

"नाही," दादा म्हणाला. "कुठला असणार?"

झाकण तसंच उघडं टाकून तो खाली उतरला आणि मागे न बघता बाहेर पडला. धाकटीने त्याच्या पाठोपाठ दार खाली घेतलं. बाहेर पावलं दूर गेली, थांबली, परत आली. गाडीची किल्ली तो आत शिलाई मशीनवरच विसरला होता. दारापलीकडून टक असा बारीक आवाज आला. मग पुन्हा. मग चार-पाच वेळा लागोपाठ. दार जागचं हललं नाही.

थोड्या वेळाने घराच्या पुढच्या दाराची बेल वाजली.

धाकटी गॅरेजमधून घरात उघडणाऱ्या दाराने सावकाश तिकडे गेली. कडीला हात न लावता तिने आतूनच विचारलं, "कोण?"