बाजारगाडीतला निवाडा

“नाल्याच्या आधी ठरवा बाप्पा,” कासरा सैल सोडत चिंधू म्हणाला. “मंग चढ लागते, अन् चढावर माह्ये बैल सिनेमा आयकत नाई.”

वर्ध्याचा रविवारचा बाजार आटोपून गाडी आंजीकडे परतत होती. रिकाम्या टोपल्यांना टेकून तिघे बसले होते: वांग्यांच्या वाडीचा गोमाजी, मेथी-कोथिंबीर विकणारी सुंदरा आणि सर्वांत वडील भागाबाई. एकोणीसशे छप्पन्नच्या पाडव्याला या चौघांनी एक नेम धरला होता, आणि आता त्याला वर्ष पुरे होत आले होते.

नेम असा. दर बाजाराला एकाने दुपारच्या खेळाला टॉकीजमध्ये जावे, उरलेल्या तिघांनी त्याची भाजी विकावी, आणि परतीच्या वाटेवर पाहणाऱ्याने पाहिलेले सारे अथपासून इतिपर्यंत सांगावे. डोळे एकाचे, कान चौघांचे. पुराण ऐकावे तितक्या भावाने ती माणसे ऐकत. सिनेमाचे नावही कुणी लक्षात ठेवत नसे. सांगणाऱ्याच्या नावानेच तो ओळखला जाई.

टॉकीजच्या मॅनेजराला या नेमाचे मोठे कौतुक वाटले. “वर्षातला सर्वांत चांगला कोणता ते ठरवा,” तो म्हणाला होता, “पाडव्याला तोच पुन्हा आणतो. चौघेही या.” कोणत्या बाजाराचा खेळ ते उद्या सकाळच्या दूधवाल्याबरोबर कळवायचे होते. बाकीचे सिनेमे केव्हाच मागे पडले होते. उरले होते दोनच: गोमाजीचा दरोडेखोर आणि भागाबाईची हरवलेली पोर.

“दरोडेखोर!” चिंधू म्हणाला. “काय माणूस होता राजा! घोड्यावरून उतरते, तलवार विहिरीत फेकते, अन् वांग्याची वाडी लावते!”

“दरोडेखोर कुठी वांगे लावते काय?” गोमाजी तुटून पडला.

“तूच त सांगतलं नं काका!”

“सांगतलं. पण पटलं नाई मले.”

सुंदरा पदरात तोंड लपवून हसली. “पाहा वं माय, सोताच्याच लेकराले नावं ठेवून राह्यले.”

गोमाजीला हसू येत नव्हते. ज्याच्या शब्दावर आंजीत बांधाचे तंटे मिटत, भावाभावांच्या वाटण्या होत, तो हा माणूस. आपल्या एका पाळीला मात्र, रात्रभर वाडीला पाणी देऊन शिणलेला, तो टॉकीजमध्ये दिवे मालवताच झोपी गेला होता. जाग आली तेव्हा लोक बाहेर पडत होते. तिघांचे उत्सुक चेहरे पाहून त्याला खरे सांगवेना. गाडी हलली आणि त्याच्या मुखातून दरोडेखोर बाहेर पडला. आता तोच निवडला गेला, तर पाडव्याला हे तिघे पडद्यावर वांग्याची वाडी शोधतील. आणि ती नाही असे दिसल्यावर गोमाजीच्या शब्दाला गावात कोण विचारील?

“भागाबायचा सिनेमा घ्या,” तो म्हणाला. “त्याच्यावाणी दुसरा नाई.”

“जत्रेत हरवलेली पोर सापडते,” चिंधूने नाक मुरडले. “हे त दर तिसऱ्या सिनेमात असते काका.”

“पण हरवते कशी, ते आठव नं लेका. टेकडीवरचा उरूस. माय बांगड्या भराले बसते. कासार म्हणते, दोन्ही हात दे. अन् दोन्ही हात द्यासाठी मायले पोरीचा हात सोडा लागते.” गोमाजीचा स्वर नकळत खाली आला. आपला सिनेमा पाडण्यासाठी तो बोलू लागला होता. आता त्याचा त्यालाच विसर पडला. “बांगड्या भरून होते. माय मागं पाह्यते...”

सुंदरा हसायची थांबली होती.

“अन् बारा वर्सानं विहिरीवर कोनी जवान पोरगी पाणी मागते. मनगटावर भाजल्याचा डाग. माय रडत नाई, नाव घेत नाई. नुसती तिच्या ओंजळीत पाणी ओतत राह्यते. ओंजळ भरून वाह्यते, तरी ओतत राह्यते. असं कोन्या सिनेमात पाह्यलं तू?”



“दरोडेखोरच आना,” भागाबाई एकाएकी म्हणाली. “माह्या सिनेमात काही नाई. गाणं नाई, घोडा नाई.”

“पाहा, मोठं मन!” गोमाजी म्हणाला. “हिच्याच सिनेमाले मान द्या.”

सुंदराने डोळे पुसत मान हलवली. चिंधूने बैलांना उगाच हाकारले. “बरं बाप्पा,” तो म्हणाला. “पोर त पोर.”

निवाडा झाला. गोमाजीने निःश्वास सोडला. कित्येक महिन्यांत प्रथमच त्याला ते फिकट सोनेरी ऊन, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीची मोकळी राने, दूरवर उठलेला गावाचा धूर हे सारे निवांतपणे दिसले. नाला आला. बैलांचा भार हलका करण्यासाठी सारे खाली उतरले. चिंधू आणि सुंदरा गाडीबरोबर पुढे गेले. म्हातारीच्या चालीने चालावे म्हणून गोमाजी मागे राहिला.

वीस वर्षांपूर्वी समुद्रपूरच्या अंगाने भावाच्या आश्रयाला आलेली ही विधवा. मागचे ती कधी बोलली नाही, आणि गावानेही कधी विचारले नाही.

“गोमाजी,” ती म्हणाली, “तुह्या शब्दावर गाव चालते. मले यातून सोडव बापा. मॅनेजराले दुसरा सिनेमा सांग.”

“काऊन वं माय?”

“त्या दिवशी, माह्या पयल्याच पाळीले, मी आत गेलीच नाई. दारातला अंधार पाहून भेली. खेळ सुटेवरी टॉकीजच्या मागच्या भिंतीपाशी बसून होती.”

गोमाजी जागच्या जागी थबकला. हसू त्याच्या ओठांपर्यंत आले होते. आता तोही आपले सांगून मोकळा होणार होता.

“म्हंजे ते पोरीचं समदं तू मनानंच जोडलं?”

“समदं नाई,” भागाबाई म्हणाली. “ते पाणी मागाले येते नं, तेवढंच जोडलं.”