बोक्याचे कागद

“माझे गुडघे कुणी तपासले नाहीत, आणि या मेल्या बोक्याचं रक्तसुद्धा तपासून झालं!” सासूबाई पुटपुटल्या.

सून हसली. बोक्याला परदेशी नवऱ्याकडे न्यायचं म्हणून लसी, दाखले, दवाखान्याच्या खेपा, चार महिने सगळं तिनं एकटीनं निस्तरलं होतं. बोका आता प्रवासाच्या पेटीत निमूट बसायलाही शिकला होता. परदेशातून नवरा रोज फोनवर विचारायचा, “जेवला का तो?”

फॉर्मचा शेवटचा रकाना उरला, तेव्हा तिनं नवऱ्याला फोन लावला. “सोबत येणाऱ्याचं नाव विचारलंय. माझंच लिहू ना?”

“बघू. नंतर बोलतो.”

फोन बंद झाला. सासूबाईंनी हळूच तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

“रिकामाच ठेव, पोरी. बोका एकटा जातो विमानाच्या सामानातून. माझ्या लेकानं फक्त त्यालाच बोलावलंय.”