चपलांची हजेरी

"चपला इथंच काढा. परतल्यावर ज्याच्या त्यानं घालायच्या. हीच माझी हजेरी," हेमांगीताईंनी निघतानाच बजावलं होतं. ओहोटीतल्या ओल्या वाळूतून आम्ही त्यांच्यामागे समुद्रातल्या किल्ल्यावर गेलो, बुरुजावरचं समुद्रगरुडाचं घरटं पाहिलं आणि भरती लागताच घाईनं परतलो.

किनाऱ्यावर ताईंच्या चपलांशेजारी वझेकाकांचा जोड तसाच होता.

"फोटो काढत बसले असतील," म्हणत ताई अनवाणीच मागे धावल्या. पाणी गुडघ्यावर आलं होतं. अर्ध्या वाटेत लाट अंगावर आली आणि त्या दिसेनाशा झाल्या. आम्ही हाका मारत राहिलो.

हाका ऐकून वरच्या टपरीतून वझेकाका खाली आले.

"मी मघाशीच परतलो. पाय ओले होते, म्हणून तसाच चहाला गेलो. कोणाला हाका मारताय?"

बोलता बोलता त्यांनी चपला घातल्या. वाळूवर आता एकच जोड उरला.