शून्य चुका

पुण्याजवळच्या मांजरी गावचे बिल्डर हिंदुराव यांनी बास्केटबॉलचा एक व्यावसायिक संघ विकत घेतला आणि मुलाला, म्हणजे रणजितला, त्यात घातलं. सहा सामने तो बाकावरच बसून होता. तरी हिंदुरावांनी आकडेवारी ठेवणाऱ्या शेफालीला बजावलं, "मॅडम, पोराचं नाव तक्त्यात सगळ्यात वर पायजे. नायतर उद्यापासनं येऊ नका."

शेफालीने 'सर्वांत कमी चुका' असा नवा तक्ता काढला. रणजित पहिला : फाऊल शून्य, हुकलेले नेम शून्य, हातचा चेंडू घालवला शून्य वेळा. खोटं काहीच नव्हतं, आणि नोकरीही वाचली. हडपसरभर फ्लेक्स लागले : 'एकही चूक न करणारा खेळाडू!'

सातव्या सामन्यात एकेक करत खेळाडू जखमी झाले आणि मैदानावर पाचाऐवजी चारच उरले. संघ एका गुणाने मागे होता.

"रणजित, उतर लवकर!" कोच ओरडले.

"नको सर," बाक घट्ट धरून तो म्हणाला, "रेकॉर्ड जाईल."

संघ हरला.


सकाळी चौकात नवा फ्लेक्स होता : 'संघ हरला, रणजितदादा नाही! शुभेच्छुक : उरलेले चार खेळाडू.'