वाळवंटातला गोग्रास

“गाईला घास दिल्याशिवाय आपण जेवायचं नाही,” सासूबाईंनी बजावलं होतं. वत्सलाने तेवीस वर्षं ते पाळलं.

मैत्रिणीबरोबर गाडीने निघाल्यावरही काही अडलं नाही. दमणच्या किनाऱ्यावर गाय स्वतः चालत आली, अहमदाबादेत तर तिने रस्ताच अडवला. जैसलमेरपुढच्या वाळवंटात मात्र दुपार टळली तरी नुसते उंट.

“चार पाय आहेत, रवंथही करतो,” गाडी चालवणारी फिलोमिना म्हणाली. “मान जरा लांब आहे, पण देव काय टेप घेऊन बसलाय?”

“गप गं. तू जेवून घे.”

“तुझ्याशिवाय डबा उघडणार नाही.”

फिलोमिनाला मधुमेह; उपाशीपोटी तिची साखर उतरली होती, स्टीअरिंगवर हात थरथरत होते. वत्सलाने गाडी थांबवायला लावली, पोळीवर गूळ ठेवला.

“सासूबाई, आजचा दिवस यालाच गाय म्हणा,” असं पुटपुटत, डोक्यावर पदर घेऊन ती उंटाकडे निघाली.