नंदिनीच्या लग्नाची तारीख

धम्मानंदभाऊंच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून त्यांच्या घरात कोणी मुहूर्त पाहिला नव्हता. ज्या रविवारी हॉल रिकामा, त्या रविवारी लग्न! सदर बाजारातल्या त्यांच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात कोणी पंचांग काढलं, की भाऊ त्याची मनसोक्त फिरकी घेत. शेजारच्या शालिकरामची तर जरा जास्तच.

अणुभौतिकीत संशोधन करणाऱ्या लेकीचं, नंदिनीचं लग्नही असंच ठरलं, पत्रिका वाटून झाल्या. आणि परवा मोबाइलवर मेल वाचता वाचता ती पलंगावर चढून नाचायलाच लागली.

"बाबा, परदेशातल्या मशीनवर माझा नंबर लागला! अणू फुटले, की शेकडो जातीची केंद्रकं उडतात. चुंबक त्यातलं मले पाहिजे तेच वेगळं काढते. ते अर्धा सेकंद जगते, तेवढ्यात त्याले मोजाचं!"

"कधी हाय?"

"लग्नाच्याच हप्त्यात. हा नंबर हुकला, तर मंग दोन वर्षं थांबा."

होणाऱ्या जावयाला फोन लावला, तर तो यांच्याहून खूश. "लग्न पुढच्या महिन्यात करू ना मामाजी! केंद्रक कुठं थांबते?"

भाऊंनी पेढे वाटले, नवी तारीख छापली. नवी पत्रिका हातात धरून शालिकराम दुकानाच्या दारात उभा राहिला.

"काहून गा धम्मानंद, तारीख काहून बदलली?"

भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.



"त्या तारखेले मुहूर्त नव्हता ना गा!"